जळतं घर, चाबूक आणि पहारेकरी

आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चमधल्या) लोकांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतोय. मला तो तिघांकडून आला, त्यातल्या एकानं तर दोनदा पाठवला. मजकूर साधारण असा: सहिष्णुता हे सैतानाचं सर्वांत गोड शस्त्र आहे. घर पेटलेलं असताना आत झोपलेल्याला कुणी हळू आवाजात उठवत नाही. येशू मवाळ नव्हता, त्यानं मंदिरात चाबूक उचलला. प्रेषितांनी, म्हणजे येशूचा संदेश घेऊन फिरलेल्या त्याच्या पहिल्या दूतांनी, कुणाच्या भावनांची पर्वा केली नाही. जो पहारेकरी गप्प बसतो, त्याला मेलेल्याच्या रक्ताचा जाब द्यावा लागेल. सहिष्णुता म्हणजे ‘सगळे मार्ग सारखेच’ असं कबूल करणं. आणि शेवटी आव्हान: गोड बोलून आजवर किती जण विश्वासात आले, आकडा दाखवा.

लिहिणाऱ्याची तळमळ खोटी आहे असं मी म्हणणार नाही. संदेशातली वचनंही पवित्र शास्त्रातलीच आहेत. अडचण अशी की ती वचनं कुणाला उद्देशून आहेत, हे पाहण्याची तसदी संदेशानं घेतलेली नाही.

आधी जळतं घर. उपमा जबरदस्त आहे आणि एके काळी मीही तिच्यावर भाळलो होतो. एका मित्राचे वडील गेले. आठवडाही झाला नव्हता आणि मी त्याच्यासमोर बसून मरणानंतर माणूस कुठे जातो यावर तासभर बोललो. मनात हीच उपमा होती: घर पेटलंय, वेळ कशाला घालवायचा? त्यानं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला आला. मैत्री टिकली, पण तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. मी काढू पाहिला की तो सराईतपणे दुसरं काहीतरी बोलायला लागतो. त्या दिवशी मी त्याच्या वडिलांबद्दल एक शब्दही विचारला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला काही वर्षं जावी लागली.

उपमेतली खोट तिथंच आहे. खरोखर पेटलेल्या घरातला माणूस जागा झाला की त्याला धूर स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. तुमच्यावर विश्वास ठेवायची त्याला गरजच नसते. श्रद्धेच्या बाबतीत ऐकणाऱ्याला धूर दिसत नाही, दिसतो तो फक्त दारात ओरडणारा माणूस. हा माणूस भरवशाचा आहे का, एवढाच प्रश्न त्याच्या मनात येतो आणि आवाज चढवून त्याचं उत्तर मिळत नाही.

शिवाय पेटत्या घरातून माणसाला दंडाला धरून बाहेर ओढता येतं. त्याची मर्जी असो वा नसो, अंग बाहेर आलं म्हणजे जीव वाचला. विश्वासाचं तसं नाही, पण तसंच आहे असं मानणारे राजे होऊन गेले. आठव्या शतकातला फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन यानं शेजारच्या, ख्रिस्ती नसलेल्या सॅक्सन लोकांना जिंकलं आणि बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला मृत्युदंड असा कायदा त्यांच्यावर लादला. ७८२ मध्ये व्हर्डन इथं एका दिवसात ४,५०० सॅक्सन बंडखोरांची मुंडकी उडवल्याचं फ्रँक दरबारच्याच बखरीत लिहिलंय. याच शार्लमेनचा सल्लागार होता अल्क्विन, स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती विद्वान. त्यानं ७९६ मध्ये पत्रांतून स्पष्ट बजावलं, की विश्वास ही स्वेच्छेची गोष्ट आहे. माणसाला बाप्तिस्म्याकडे ओढत नेता येईल, विश्वासाकडे नाही. आणि वर टोमणा मारला: दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा, चर्चसाठी) जितक्या कसोशीनं वसूल केला, तितक्या कसोशीनं ख्रिस्ताचं हलकं ओझं सांगितलं असतं, तर सॅक्सन लोकांना बाप्तिस्म्याचा इतका तिटकारा आला नसता. मोबाइलवरचा संदेश आणि व्हर्डन यांत फार अंतर आहे, हे मला मान्य आहे. पण ‘त्याच्या भल्यासाठी त्याची मर्जी बाजूला ठेवायला हरकत नाही’ हा विचार दोन्हीकडे एकच.

आता चाबूक. शास्त्रातला शब्द ‘कोरडा’, म्हणजे दोऱ्यांचा वळलेला चाबूक. योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) दुसऱ्या अध्यायात येशू तो घेऊन कुणाला बाहेर काढतो? बैल, मेंढरं, कबुतरं विकणाऱ्यांना आणि सराफांना. म्हणजे मंदिराच्या आवारातच धंदा मांडलेल्या आपल्याच लोकांना. ‘सापांच्या पिलांनो’, ‘चुना लावलेल्या कबरा’ हे मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातले शब्द शास्त्री आणि परूशी या यहुदी धर्मपंडितांसाठी आहेत. तेही धर्माचे जाणकार, घरचेच. सगळ्या शुभवर्तमानांत येशूची जीभ सर्वांत धारदार होते ती धार्मिक माणसांसमोर. हा संदेश पुढे ढकलताना आपण चाबकाची मूठ आपल्या हातात आहे असं धरून चालतो. गोष्ट नीट वाचली तर आपण त्या आवारात उभे आहोत आणि चाबूक आपल्याकडे येतोय.

बाहेरच्यांशी तो कसा वागला? रोमी शताधिपतीला पाहून तो म्हणाला, इतका विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही. परक्या सैन्याच्या अधिकाऱ्याबद्दल हे उद्गार! शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या लोकांतल्या, एका स्त्रीशी विहिरीवर बोलताना त्याचं पहिलं वाक्य उपदेशाचं नाही, पाणी मागण्याचं आहे. देण्याआधी त्यानं मागितलं. आमच्यातल्या बऱ्याच उत्साही साक्षीदारांना हे जमत नाही, कारण मागायचं म्हणजे समोरच्याकडे आपल्याला हवं असलेलं काहीतरी आहे, हे मान्य करावं लागतं.

आणि लूकाचा नववा अध्याय. एका शोमरोनी गावानं येशूला उतरू दिलं नाही. याकोब आणि योहान म्हणाले, प्रभू, आकाशातून अग्नी पडून हे भस्म होवोत अशी आज्ञा करू का? त्यानं वळून धमकावलं ते या दोघांना, गावाला नाही. मग ते दुसऱ्या गावाला गेले. गोष्ट संपली असं वाटतं, तोच लगेच पुढच्या अध्यायात तो एक दाखला सांगतो आणि जखमी माणसाला उचलणारा त्याचा नायक असतो शोमरोनी. ज्यांनी दार लावून घेतलं, त्यांच्यातलाच.

एक प्रसंग मात्र मला अजूनही बोचतो आणि तो लपवून पुढे जाणं बरं नाही. कनानी, म्हणजे यहुदी नसलेली, एक बाई लेकीसाठी पदर पसरते तेव्हा येशू मुलांची भाकर कुत्र्यांना घालण्याबद्दल बोलतो. या वाक्याची भाष्यकारांनी नाना प्रकारे उकल केली आहे, माझं पूर्ण समाधान कुठल्याच उकलीनं झालेलं नाही. पण प्रसंगाचा शेवट पाहा: बाई उलट उत्तर देते, तो ते उत्तर मानतो आणि तिचा विश्वास मोठा असल्याचं सर्वांदेखत सांगतो. परक्या बाईचा शब्द शेवटचा ठरतो. चाबूकवाल्या संदेशाला या प्रसंगाचा काही उपयोग होईल असं मला वाटत नाही.

‘प्रेषितांनी भावनांची पर्वा केली नाही.’ हे तर सरळ चूक आहे. प्रेषित पौल अथेनैला (अथेन्सला) पोचला तेव्हा शहरभर मूर्ती पाहून त्याचा जीव तळमळला, असं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगतं. तळमळ खरी होती. पण अरीयपगावर, शहराच्या सभेच्या टेकडीवर, उभा राहिल्यावर त्याच्या तोंडून निघालं ते असं, की अथेनैकरांनो, तुम्ही सर्व बाबतींत फार देवभक्त आहात असं मला दिसतं. मग त्यांच्याच एका वेदीवरचा ‘अज्ञात देवाला’ हा लेख घेतला आणि त्यांच्याच कवीची ओळ म्हणून दाखवली. ती ओळ ग्रीक कवी अराटसची, त्याच्या ग्रहताऱ्यांवरच्या काव्यातली, आणि मुळात झ्यूस देवाविषयीची. म्हणजे पौलानं त्यांचं काव्य वाचलेलं होतं, निदान कानांवरून गेलेलं होतं. पुनरुत्थान आणि न्यायाचा दिवस हे अवघड विषय त्यानं टाळले नाहीत, पण तिथवर तो त्यांच्या घराच्या वाटेनं गेला.

त्याहून मला इफिस शहराची गोष्ट आवडते. पौल तिथं दोन वर्षांहून अधिक काळ शिकवत होता. अर्तमी देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा धंदा बसू लागला, कारागीर चिडले, शहर नाट्यगृहात गोळा झालं आणि दोन तास घोषणा. शेवटी शहराच्या लेखकानं, म्हणजे कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यानं, जो ख्रिस्ती नव्हता, जमाव शांत केला. काय म्हणून? तर या माणसांनी ना देवळं लुटली आहेत, ना आपल्या देवीची निंदा केली आहे. दोन वर्षं इतका प्रभावी प्रचार, की बाजारावर परिणाम झाला. आणि तरीही दुसऱ्या श्रद्धेचा अधिकारी उभा राहून सांगतो, यांनी आमच्या देवीला शिवी दिली नाही. आपल्याबद्दल असं कुणी म्हणेल का, हा प्रश्न मी मंडळीत एकदा विचारला होता. थोडा वेळ खुर्च्यांचे आवाज आले.

बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम आहे काय, असं पौल करिंथच्या मंडळीला विचारतो, पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात. आतल्यांशी मात्र तो त्याच अध्यायात फार कडक आहे. आम्ही नेमकं उलटं करतो.

पहारेकऱ्याबद्दल थोडक्यात. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तेहेतिसाव्या अध्यायातला पहारेकरी इस्राएल घराण्यावर, स्वतःच्याच लोकांवर नेमलेला आहे. पौलानं ही भाषा पुढे वापरली, हे खरं. करिंथमध्ये विरोध झाला तेव्हा ‘तुमचं रक्त तुमच्याच माथी’ म्हणत त्यानं कपडे झटकले. पण नंतर त्यानं काय केलं? तिथून निघून शेजारच्या घरी गेला. पहारेकऱ्याचं काम शिंग फुंकण्याचं आहे, घरोघरी शिरून पांघरुणं ओढण्याचं नाही.

‘सहिष्णुता म्हणजे सगळे मार्ग सारखेच म्हणणं.’ नाही. सगळं सारखंच असेल तर सहन करायला उरलं काय? न पटणाऱ्याला जागा देणं म्हणजे सहिष्णुता. विहिरीवरच्या त्या स्त्रीला येशूनं तिच्या पाच नवऱ्यांबद्दल आणि उपासनेबद्दलही आडपडदा न ठेवता सांगितलं. ती दुखावून पळाली नाही, घागर तिथंच टाकून गावाला बोलवायला धावली.

इथं आमच्या मवाळ गोटालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘शुभवर्तमान सांगत राहा, गरज पडली तर शब्दही वापरा’ हे वाक्य असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर खपवलं जातं. त्याच्या लिखाणात ते कुठेही सापडत नाही. त्याच्या तोंडी ते शोभतही नाही, कारण तो जन्मभर बोलत फिरला. १२१९ मध्ये, धर्मयुद्ध ऐन भरात असताना, तो इजिप्तमधल्या दमिएत्ताजवळ शत्रूच्या छावणीत शस्त्राविना गेला आणि तिथल्या सुलतान अल-कामिलशी बोलला. सुलतान ख्रिस्ती झाला नाही. त्यानं फ्रान्सिसला सुखरूप परत पाठवलं. आपल्या संन्यासी बंधूंच्या संघासाठी केलेल्या १२२१ च्या नियमावलीत मुसलमानांमध्ये राहणाऱ्या बंधूंसाठी फ्रान्सिसनं दोन मार्ग लिहून ठेवले: एक, वाद-भांडण न करता देवासाठी सर्वांच्या अधीन राहायचं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करायचं, दुसरा, देवाला आवडेल असं दिसलं की वचन सांगायचं. शब्द आहेतच, पण वेळ पाहून.

आणखी एक रोग आमच्याच बाजूचा: दया गळाला लावलेल्या आमिषासारखी वापरणं. भेट, मदत, शुश्रूषा, आणि समोरचा ‘नाही’ म्हणाला की पाय वळेनासा होतो. ज्याच्याशी असं वागलं जातं त्याला ते पहिल्या दिवसापासून कळत असतं. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं धर्मस्वातंत्र्यावरच्या जाहीरनाम्यात, श्रद्धा पसरवताना जबरदस्तीचा किंवा अयोग्य भुलवणीचा वाससुद्धा नको, विशेषतः गरीब आणि अशिक्षित माणसांच्या बाबतीत, असं लिहिलं. ते लिहावं लागलं, यातच काय ते आलं.

आमिष नसलेली दया कशी दिसते? तिसऱ्या शतकाच्या मध्याला रोमी साम्राज्यात भयंकर साथ आली. मंडळीनं नुकताच छळ सोसलेला होता. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन यानं लोकांना गोळा करून सांगितलं, की फक्त आपल्याच माणसांची काळजी घेण्यात विशेष काही नाही. मग छळ करणाऱ्या शेजाऱ्यांसाठीही माणसं कामाला लागली. शंभरेक वर्षांनी ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळलेला सम्राट ज्युलियन आपल्या एका मुख्य पुरोहिताला वैतागून लिहितो: हे नास्तिक (म्हणजे जुने देव न मानणारे) गालीली (ख्रिस्ती लोक) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. शत्रूनं चिडून दिलेलं हे प्रमाणपत्र. ‘आपल्याही’ या शब्दात ज्युलियनला नेमकं काय खुपलं होतं ते कळतं.

राहिला आकडा. अरीयपगावरच्या भाषणाचा आकडा लूकानं दिलाय: काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, मोजक्यांनी विश्वास ठेवला. नावं दोनच, दिओनुस्य आणि दामारी. आणि मार्काच्या दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस स्वतःहून धावत येतो, गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवनाबद्दल विचारतो. येशूनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, मग त्याला अवघड तेच सांगितलं: आहे ते विकून टाक. माणसाचा चेहरा उतरला आणि तो खिन्न होऊन निघून गेला. त्याचं पुढे काय झालं हे मार्क लिहीत नाही. येशू त्याच्यामागे ओरडत धावला, असंही लिहीत नाही.