'बसतंय दादा' म्हणून वाटेल ती चाकं गळ्यात मारणाऱ्यांबद्दल

टायरला फुगा आलाय. पुढच्या डाव्या. नवीन अलॉय चाकं आणि टायर बसवून अडीच महिने पण झाले नाहीत अजून, आणि दुकानदार मला म्हणतो रस्ते खराब आहेत त्याला आम्ही काय करणार. अरे रस्ते खराब आहेत हे विकताना माहीत नव्हतं का तुला? दुकान पुण्यातच आहे ना तुझं? कात्रज-कोंढवा रस्त्याने तू पण जातोस ना रोज?

माझी स्विफ्ट आहे, २०१९ची व्हीएक्सआय. कंपनीकडून १६५/८० आर १४ टायर (रुंदी १६५ मिमी, उंची तिच्या ८० टक्के, रिम १४ इंची) आणि लोखंडी रिम. गाडी मस्त, पण चाकं बारीक दिसायची, चार वर्षं मनात होतं की एकदा चांगले अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, टाकायचे, पैसे साठवले, दिवाळीनंतर गेलो. छंद आहे माझा, गाडी मी स्वतः धुतो, स्वतः पॉलिश करतो, त्यामुळे पैसे गेल्याचं आहेच पण त्याहून जास्त राग ह्याचा आहे की ज्या माणसाचा धंदाच चाकं विकण्याचा आहे त्याने गाडीला हात लावून एक माप घेतलं नाही.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न काय, तर 'बजेट किती दादा'. कुठली गाडी विचारलं, स्विफ्ट म्हटलं, की लगेच 'सोळा बसतंय, सतरा पण बसतंय, टाका बिनधास्त'. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर टायर साइजचा स्टिकर असतो, तो वाचायला दोन सेकंद लागतात, नाही वाचला. गाडीत किती माणसं बसतात, गावाला किती जाता, काही नाही. मी तीन वेळा विचारलं की मडगार्डला घासणार नाही ना, तिन्ही वेळा एकच उत्तर, 'काही होत नाही दादा, सगळे टाकतात'. सतरा मीच नको म्हटलं. मग सोळाची रिम आणि त्यावर २०५/५५ आर १६ टायर. का? तर त्या आठवड्यात त्याच्याकडे तेवढाच स्टॉक होता. हे मला नंतर त्याच्याच पोऱ्याने सांगितलं.

२०५/५५ आर १६ हा जेट्टा, ऑक्टेव्हियासारख्या गाड्यांना यायचा साइज आहे. आणि हे गणित काही रॉकेट उडवायचं नाहीये, शाळेतलं आहे. माझ्या जुन्या टायरचा पूर्ण व्यास काढा: १६५ चे ८० टक्के १३२ मिमी, ते वर आणि खाली दोनदा, अधिक १४ इंच म्हणजे ३५६ मिमी, झाले ६२० मिमी. त्याने बसवलेल्याचा येतो ६३२. बारा मिमी मोठं आणि चाळीस मिमी रुंद. त्याच सोळाच्या रिमवर १९५/५५ टाकलं असतं तर ६२१ मिमी, म्हणजे जवळजवळ कंपनीएवढंच! मला सोळाच हवं होतं तर त्यातसुद्धा बरोबर टायर होतं. ते मागवायला दोन दिवस थांबावं लागलं असतं, मी आनंदाने थांबलो असतो, पण गिऱ्हाईक दोन दिवसांत दुसरीकडे जाईल ना, म्हणून जे आहे ते चढवून टाकायचं.

पहिल्याच महिन्यात साताऱ्याला निघालो, मी, बायको, मागे आई-बाबा आणि डिकीत सामान. खंबाटकी घाटात प्रत्येक वळणाला मागून खर्र खर्र. आई घाबरली, म्हणाली थांबव रे, काहीतरी तुटलंय. बाजूला घेऊन बघतो तर टायर मडगार्डच्या काठाला घासून रबर सोललं गेलेलं. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, कंपनीच्यापेक्षा कमी, त्यामुळे चाक बाहेर आलेलं, वर टायर रुंद, वर व्यास मोठा, आणि मागे माणसं बसली की गाडी खाली दबणार. रिकाम्या गाडीत दुकानासमोर एक चक्कर मारून 'बघा, घासत नाही' म्हणाला होता हा माणूस.

परत गेलो तर म्हणे स्प्रिंगमध्ये बफर टाकून घ्या, बाराशे रुपये. टाकले! कारण दुसरं काय करणार, पैसे अडकले होते. घासणं कमी झालं आणि मागचं सस्पेन्शन दगड झालं. आईला मणक्याचा त्रास आहे, ती आता स्पीडब्रेकर आला की हातात सीटचा कोपरा घट्ट धरून बसते, मी आरशात बघतो आणि मला त्या दुकानात जाऊन ओरडावंसं वाटतं.

मग ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग करा म्हणे. केलं. परत आलं. परत करा. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा पैसे घेतले. शेवटी आमच्या घराजवळचे एक म्हातारे मेकॅनिक काका आहेत, त्यांनी चाक काढलं आणि पाच मिनिटांत दाखवलं. स्विफ्टच्या हबचा, म्हणजे ज्यावर चाक बसतं त्या मधल्या गोल भागाचा, व्यास ५४.१ मिमी, आणि ह्या रिमचं मधलं भोक ७३.१. म्हणजे १९ मिमीचा फरक, चाक हबवर बसलेलंच नाही, नुसतं चार नटांवर लटकतंय, नट घट्ट करताना जरा इकडे-तिकडे झालं की चाक मधोमध बसत नाही. बाहेरचे बरेच अलॉय मोठ्या भोकाचे येतात कारण एकच रिम दहा गाड्यांना विकता येते, ते मला मान्य आहे, पण मग आत रिंग टाकायची असते! हब रिंग. चार रिंगांचे काही शे रुपये. ५२ हजारांच्या बिलात तेवढं नाही जमलं ह्याला? काकांनी रिंगा मागवून बसवल्या, थरथर गेली, आणि माझ्याकडून फक्त रिंगांचे पैसे घेतले.

वजनाचं कोणी बोलतच नाही. मी स्टेपनी आणि नवीन चाक रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून बघितलं, एका चाकामागे जवळजवळ चार किलोचा फरक. अलॉय म्हणजे हलकं असं सगळे सांगतात, पण मोठी रिम, मोठं टायर, स्वस्तातलं ओतकाम, कुठून हलकं होणार? आणि हे वजन फिरतं वजन आहे, सिग्नलवरून निघताना इंजिनाला ते दरवेळी फिरवावं लागतं. पिकअप मेला, ॲव्हरेज पडलं, सेकंड गिअरमध्ये जी गाडी उड्या मारायची ती आता कण्हते. वर व्यास वाढल्यामुळे स्पीडोमीटर आता आधीपेक्षा साधारण दोन टक्के कमी वेग दाखवतो.

स्टेपनी अजून चौदाचीच आहे. पाचवी रिम घ्या असं कोणी म्हणालं नाही. विमा कंपनीला अलॉयची नोंद द्यावी लागते, नाहीतर क्लेममध्ये त्याचे पैसे धरत नाहीत, हेही मला नंतर कळलं. पुढून बेअरिंगचा आवाज यायला लागलाय आणि सर्व्हिस सेंटरवाले चाकांकडे बघून सरळ म्हणाले की ह्या चाकांवर आम्ही कुठलीच तक्रार ऐकून घेणार नाही. त्यांच्यावर मी चिडू पण शकत नाही.

आता फुगा. रिमची आतली कड पण वाकलीये. रिमवर आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए असा टेस्टचा शिक्का शोधला, कुठेच काही नाही. रिम मजबूत आहे का एवढं विचारलं होतं मी, तर हातातली रिम जमिनीवर आपटून दाखवली होती त्याने. ही ह्यांची टेस्ट. ह्याच चाकांवर मी आईला बसवून घाट चढलोय!

बिल काढून बघितलं. 'अलॉय सेट ४ नग, टायर ४ नग'. बस. साइज नाही, रुंदी नाही, ऑफसेट नाही, रिम कोणाची ते नाही. पण व्हॉट्सॲपवर रिमचा फोटो आणि त्याखाली '२०५/५५/१६ परफेक्ट बसेल दादा, गॅरंटी' हे त्याने स्वतः टाइप केलंय, ते आहे माझ्याकडे. परवा फोन केला तर म्हणतो आणून द्या, वापरलेला माल आहे, दहा हजार देतो.

दहा हजार नकोत मला. चाकं काढून गॅलरीत ठेवलीत, गाडी काकांकडच्या जुन्या चौदाच्या टायरांवर चालवतोय. शनिवारी तो व्हॉट्सॲप मेसेज, बिल आणि काकांनी लिहून दिलेली मापं घेऊन दुकानात जाणार, पूर्ण पैसे मागणार. नाही म्हणाला तर तिथूनच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ला फोन लावणार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांच्या आतल्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी पण लागत नाही. आणि तुमच्यापैकी कोणी चाकं बघत असाल तर बिलावर पूर्ण साइज, ऑफसेट आणि भोकाचं माप लिहून द्यायला सांगा. जो लिहून देणार नाही त्याच्याकडून एक नट पण घेऊ नका.