हेवी ड्युटी शॉकअप टाकून पिकअप जास्त माल उचलत नाही

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला कळव्याहून ताईचा फोन. "अरे, तू तरी यांना सांग. चार दिवसांपूर्वी नवे शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) बसवलेत आणि आता दोन खेपांचा माल एका खेपेत आणतो म्हणतायत."

दाजींची पिकअप बारा वर्षांची. तुर्भ्याच्या एपीएमसीतून कांदा-बटाटा भरायचा आणि ठाण्यात जांभळी नाक्याला टाकायचा, हा रोजचा धंदा. त्यांच्या टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. हेवी ड्युटी शॉकअप टाकले की जुनी पिकअप अर्धा टन जादा उचलते. दीड-दोन इंच लांब शॉकअप घेतले की मागे खचून बसलेली गाडी उठते. गळका शॉकअप फेकू नका, भोक पाडून इंजिन ऑइल भरा. एक गेला तर एकच बदला. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला घेणं म्हणजे पैसे पाण्यात. एवढं सगळं ठासून सांगितलंय आणि शेवटी ‘गरीब ड्रायव्हरपर्यंत पोचवा’. वागळे इस्टेटमध्ये अशा गाड्यांखाली झोपून माझी बावीस वर्षं गेलीत, आणि हा मेसेज गरीब ड्रायव्हरचा घात करणारा आहे.

अर्ध्या टनाचा मुद्दा आधी घेतो, कारण माणसं मरतील ती त्याने.

गाडीचं वजन शॉकअप घेतच नाही. वजन घेतात कमानी, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पाट्यांच्या चळती. खड्ड्यात चाक गेलं की पाटे वाकतात, मग उसळतात, मग पुन्हा वाकतात. ही उसळी मोडणं एवढंच शॉकअपचं काम. आत तेल असतं, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि व्हॉल्व्ह. त्यातून तेल ढकललं जाताना उसळीचा जोर उष्णतेत जातो. म्हणून खेप करून आल्यावर चालू शॉकअप हाताला गरम लागतो. जोडीतला एक गरम आणि एक गार असेल, तर गार आहे तो गेलाय.

दाजी तोंडी ऐकणारे नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी भरलेली गाडीच मागवली. २४ गोण्या, म्हणजे १,२०० किलो. चाकं सरकू नयेत म्हणून उटी लावल्या, मागच्या फाळक्याच्या कडीपासून जमिनीपर्यंत टेप लावली: ३१ इंच ४ सूत. मग मागचे दोन्ही नवे शॉकअप सोडवले आणि पुन्हा टेप लावली. ३१ इंच ४ सूत. एका सुताचाही फरक नाही. त्यातला एक शॉकअप जमिनीवर उभा धरून दाजींना म्हटलं, दांडा दाबा. तळहाताने दाबला तसा दांडा सावकाश खाली गेला आणि खालीच राहिला. हाताने बसणाऱ्या दांड्यावर दहा गोण्या कांदा कशा उभ्या राहणार?

मग हा समज पसरतो कसा? कडक शॉकअपवर भरलेली गाडी कमी डोलते. ड्रायव्हरला वाटतं, गाडीने माल पेलला. पेललेला काहीच नसतो. पाटे, ॲक्सल, टायर, ब्रेकचे ड्रम यांच्यावर तेवढंच ओझं असतं, फक्त गाडी जे डोलून सांगत होती ते सांगायची थांबते. मुंब्रा बायपासच्या उतारावर ब्रेक तापला की कळतं, पण तेव्हा उशीर झालेला असतो. आणि माल उतरवून परत येताना तीच गाडी कडक शॉकअपमुळे टणाटण उडते, मागचं चाक रस्ता सोडतं. पावसात अशा चाकाला ब्रेक लागत नाही, ते नुसतं घसरतं.

गाडीने किती वजन वाहायचं हे आरसीवर छापलेलं आहे, ते शॉकअप बदलून बदलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ वाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, माल उतरवायचा खर्च आपला, आणि तो उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. दहा गोण्यांच्या भाड्याशी हा आकडा ताडून पाहा.

एक गोष्ट मान्य करतो. हवा भरायचे किंवा वरून स्प्रिंग असलेले शॉकअप मिळतात आणि ते थोडा भार घेतात, हे खरं आहे. पण तो भार मग शॉकअपच्या ब्रॅकेटवर, म्हणजे शॉकअप ज्याला बोल्टने अडकवतात त्या पट्टीवर येतो, आणि पिकअपचं ब्रॅकेट त्यासाठी बनवलेलं नसतं. आरसीवरचा आकडाही तोच राहतो.

ब्रॅकेटवरून लांब शॉकअपकडे येतो. दाजींचे जुने शॉकअप पूर्ण दाबल्यावर १३ इंचांचे होते, हे नवे साडेचौदाचे. ॲक्सल वर येऊन रबरी स्टॉपरला टेकतो तेव्हा वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये जागा उरते साडेतेरा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या खड्ड्यात भरलेली गाडी आपटली की स्टॉपरच्या आधी शॉकअपच तळाला लागणार आणि सगळा दणका ब्रॅकेटवर जाणार. गेलाच होता. डाव्या बाजूच्या वरच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर होती, चिखल पुसल्यावर दिसली. चार दिवसांत. गाडी बसली असेल तर कमानवाल्याकडे जा, पाटे बघून घ्या. शॉकअप घेताना टेप घेऊन जा: दाबलेली लांबी स्टॉपरच्या जागेपेक्षा कमी हवी आणि उघडलेली लांबी ॲक्सल लोंबकळताना होणाऱ्या अंतरापेक्षा जास्त. शॉकअपच्या टोकाला बोल्ट जातो त्या बुशचं भोकही मापा.

इंजिन ऑइल भरण्याबद्दल काय बोलायचं! शॉकअपचं तेल पातळ असतं, व्हॉल्व्ह त्याच मापाचे असतात. जाड इंजिन ऑइलने शॉकअप आखडतो. शिवाय तेल गळलं ते सील फाटल्यामुळे, नवं तेलही तिथूनच जाणार. आणि गॅसच्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो. त्याला ड्रिल किंवा वेल्डिंगचा रॉड लावणं म्हणजे स्वतःच्या तोंडावर तेल उडवून घेणं. गॅसचा दाब कळत नसेल त्याने असले सल्ले देऊ नयेत.

एकच बदलू नका, एका ॲक्सलचे दोन्ही बदला, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. नळीवर नुसता तेलकट धुळीचा थर असेल तर तो शॉकअप गेलेला नसतो, थेंब ओघळत असेल तर गेला.

कंपनीच्या डब्याबद्दल मेसेजवाला निम्मा बरोबर आहे. गाडीच्या कंपनीला शॉकअप बनवून देणारेच ते स्वतःच्या नावानेही विकतात, गॅब्रियल तर १९६१ पासून इथे बनवतंय, आणि तो माल स्वस्त पडतो. तो बिलासकट घ्या. भंगारातला रंग मारलेला मात्र नको. दांड्यावर नख फिरवा, खरखर लागली तर परत ठेवा.

दाजींचं ब्रॅकेट मी वेल्ड करून दिलं. दुकानदाराने पैसे परत केले नाहीत, पण बऱ्याच वादानंतर मापाची जोडी बदलून दिली. सोमवारी पहाटे दाजी पुन्हा दोन खेपांच्या हिशोबाने निघाले. ताईने दुपारच्या खेपेचा डबाही बांधून दिला होता.