हळद भाजीत टाका, रेडिएटरमध्ये नको

ट्रॅक्टरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा असा: 'रेडिएटर गळते? मिस्त्रीले एक रुपया देऊ नका.' खाली पाच उपाय. मूठभर हळद टाका, भोक आपोआप बुजते. झाकण अर्धंच फिरवा, प्रेशर बनत नाही, गळती थांबते. थर्मोस्टॅट काढून फेका, तो थंड देशातल्या गाड्यांसाठी असतो. कुलंट हा कंपन्यांचा धंदा, बोरचं पाणी भरा. आणि पाणी कमी होत असेल पण गळताना दिसत नसेल, तर हेड पॅकिंग (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) गेलं समजा, इंजिन खोला.

यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीत थोडं खरं आहे, म्हणूनच हा मेसेज इतका चालतो. पण पहिले चार उपाय गळती लपवतात आणि पाचवा ती न शोधताच मोठं बिल करून ठेवतो.

हळदीपासून सुरू करू. वावरात मधेच रेडिएटरला सुईएवढं भोक पडलं, तर हळदीची पूड फुगून त्यात अडकते आणि ट्रॅक्टर घरापर्यंत येतो. इथवर मान्य. पण हळदीला भोक कोणतं आणि पाण्याची वाट कोणती हे कळत नाही. रेडिएटरच्या कोअरमधल्या नळ्या अरुंद असतात, त्यात आधीच क्षार साचलेला असतो, आणि हा गाळ तिथंच जाऊन बसतो. मग गळती थांबते पण गाडी तापायला लागते, आणि रेडिएटर खोलून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफसफाई, करायची वेळ येते. शिवाय गळती वॉटर पंपाच्या सीलमधून किंवा पाईपच्या तोंडातून असेल तर हळदीचा काही उपयोग नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला जीआय मानांकन आहे, तिची जागा स्वयंपाकघरात.

झाकणाचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं, ठरावीक दाब आत धरून ठेवतं. त्यावर ०.९ किंवा त्याच्या आसपासचा आकडा कोरलेला असतो, तो बारमध्ये. दाब एक बारनं वाढला की साधं पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं. अकोल्यात मे महिन्यात पारा कधीकधी ४५ च्या वर जातो, रोटाव्हेटर लावलेला असतो, तेव्हा वरचे हे वीस अंशच इंजिन वाचवतात. झाकण ढिलं ठेवलं की थेंब कमी पडतात हे खरं, कारण ढकलायला दाबच उरत नाही. पण मग पाणी लवकर उकळतं आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जातं. वर अर्धवट लागलेलं झाकण तापल्यावर उडालं, तर तोंड-हात भाजतात ते वेगळंच.

याच झाकणात दुसरा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. इंजिन थंड झालं की तो ओव्हरफ्लोच्या बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढू देतो. तो चिकटला की थंड गाडीचा वरचा पाईप चपटा झालेला दिसतो. झाकणाचं रबर कडक झालं की पाणी रोज थोडं थोडं बाहेर जातं आणि खाली एक थेंब दिसत नाही. 'गाडी पाणी खाते' म्हणतात त्यातल्या कितीतरी गाड्यांचं दुखणं एवढंच असतं. सगळ्यात स्वस्त भाग झाकण, आणि बदलतात सगळ्यात शेवटी.

थर्मोस्टॅट थंड देशांसाठी असतो, हे साफ चूक. तो पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह आहे. इंजिन लवकर कामाच्या तापमानावर यावं आणि तिथंच टिकावं यासाठी तो असतो. तो नसेल तर हलक्या कामावर इंजिन थंडच राहतं, डिझेल नीट जळत नाही, ऑईलमध्ये गाळ धरतो, लायनर (ज्यात पिस्टन वर-खाली होतो ती नळी) झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथं फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर काढून पातेल्यातल्या पाण्यात टाका आणि गॅसवर ठेवा. त्यावर कोरलेल्या तापमानाला, समजा ८२ ला, तो उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवा टाका. जागा रिकामी ठेवू नका.

आता कुलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन. साधं पाणी कुलंटच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, एवढं मेसेजवाल्याच्या बाजूनं आहे. आपल्याकडे पाणी गोठायची भीतीही नाही. पण कुलंटचं खरं काम गंज रोखण्याचं आहे, आणि तो मुद्दा मेसेजमध्ये नाहीच. ट्रॅक्टरच्या बऱ्याच इंजिनांत वेट लायनर असतात, म्हणजे पाणी थेट लायनरला लागून फिरतं. लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे तयार होऊन फुटत राहतात आणि धातू टोकरून खड्डे पाडतात. कुलंटमधली रसायनं तिथं पातळ थर धरतात. तो नसला की एक दिवस लायनरला आरपार भोक पडतं आणि पाणी ऑईल चेंबरमध्ये.

आणि पाणी कोणतं, तर बोरचं! पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूरपासून संग्रामपूरपर्यंत, जे पाणी आपण पीत नाही आणि पिकालाही भीत भीत देतो, ते इंजिनात ओतायचं? क्लोराइड अ‍ॅल्युमिनियम खातं, क्षार हेडभोवती थर धरतात, आणि आज थांबवलेली गळती दोन हंगामांनी चार ठिकाणी फुटते. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी घ्या आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रमाणात कुलंट मिसळा. हिरव्यात लाल ओतू नका. रंगावरून जात कळत नाही, आणि दोन जातींचं कधीकधी पटत नाही.

राहिला पाचवा मुद्दा. 'हेड खोला लागते भाऊ, दुसरं काई नाई,' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मिस्त्रीनं बॉनेट उघडण्याआधीच ते येतं. हेड पॅकिंग जातं, नाही असं नाही. पण त्याच्या खुणा असतात. थंड इंजिन झाकण काढून सुरू केलं की रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही, ऑईल दुधाळ दिसतं. यातलं काहीच नसेल तर आधी बाहेर शोधा.

शोधायचं थंड इंजिनावर, सकाळी. पाणी तोंडापर्यंत भरा आणि झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर लावा. हातपंपासारखं साधं यंत्र आहे, तालुक्याच्या चांगल्या रेडिएटरवाल्याकडे मिळतं. झाकणावरच्या आकड्यापर्यंतच दाब भरा, पुढे नाही. काटा स्थिर राहिला तर झाकणावर संशय घ्या. काटा उतरला तर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन खाली शिरा. थंडपणीच का, तर धातू आणि रबर आकसलेले असतात म्हणून काही गळत्या तेव्हाच दिसतात. तापल्यावर थेंब खाली पडायच्या आत वाळतो आणि मागे फक्त पांढरट किंवा हिरवट डाग उरतो. (खाऱ्या पाण्याचा एवढा एकच फायदा, डाग ठसठशीत पडतो.) वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून पाणी येत असेल तर सील गेलं. ते भोक एम-सीलनं बुजवलेले ट्रॅक्टर मी पाहिलेत. मग पाणी बेअरिंगमध्ये जातं.

आमच्या भागातल्या एका ट्रॅक्टरचा खालचा पाईप पुन्हा पुन्हा बदलला, क्लिपा बदलल्या, आवळून आवळून पाईप कापला, तरी गळती जाईना. पाईप काढून बोट फिरवलं तेव्हा कळलं. ज्या तोंडावर तो चढतो, त्या अ‍ॅल्युमिनियमलाच गंजानं खड्डे पडले होते आणि पाणी रबराखालून झिरपत होतं. तोंड घासून साफ केलं, खड्डे धातूच्या इपॉक्सीनं भरून पुन्हा गुळगुळीत केले, नवा पाईप लावला. हेडला हातही लावला नाही.

काटा उतरतोय पण बाहेर कुठंच ओल नाही, तर मग आत बघा. ट्रॅक्टर रात्रभर सपाटीवर उभा ठेवा आणि सकाळी ऑईल चेंबरचा ड्रेन बोल्ट हळूच सैल करा. पाणी ऑईलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. पाणी आलं तर लायनरचे रबर, हेड पॅकिंग किंवा ऑईल कूलर, यातलं एक. इंजिन खोलायची वेळ ती.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये नाही. सोयाबीनच्या मळणीत कुटार (भुसा) उडून रेडिएटरच्या जाळीवर बसतं, हवा अडते, गाडी उकळते आणि पाणी फेकते. ती गळती नव्हे. पंख्याच्या बाजूनं पुढच्या दिशेला हलकी हवा मारून जाळी साफ करा.

या सगळ्यात जुनं कुलंट काढावं लागलं तर डब्यात धरा. ते विषारी असतं आणि चवीला गोडसर, त्यामुळे कुत्रं आणि ढोरं त्याला तोंड लावतात. डबा झाकण लावून गोठ्यापासून लांब ठेवा. धुऱ्यावर किंवा नालीत ओतू नका.