इंद्र, यम आणि सात इंच

ऐरोलीतल्या आमच्या रो-हाउसचा जुना जिना चढताना पाहुण्यांना गुडघे आठवायचे, उतरताना देव. शेवटी तो पाडला.

मजल्याची उंची १० फूट. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, “साहेब, ८ इंची रायझर, म्हणजे पायरीची उभी उंची, घ्या. १५ रायझरमध्ये वर. जागा वाचते.” हा गृहस्थ स्वतः कधी जिना चढत नाही, खालूनच ओरडतो. मी नॅशनल बिल्डिंग कोड काढला. घरातल्या जिन्याला रायझर जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच. पाऊल टेकायला ट्रेड किमान २५० मिलिमीटर, म्हणजे १० इंच. शिवाय सतराव्या शतकातला फ्रेंच वास्तुकार ब्लोंदेल सांगून गेलाय की दोन रायझर अधिक एक ट्रेड म्हणजे माणसाची एक ढांग, साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर. मी रायझर ७ इंचांचा धरला: सात दुणे चौदा, अधिक दहा, २४ इंच. बसलं! फक्त रायझर झाले १७, आणि सरळ जिना १३ फूट ४ इंच लांबून फ्रिजच्या जागेत शिरला.

“मग फ्रिज काय ब्लोंदेलकडे ठेवायचा?” बायको.

मधे लँडिंग, म्हणजे सपाट टप्पा, घेऊन जिना वळवला. फ्रिज वाचला, हॉल आखडला. हॉलची बाजू घेणारं घरात कोणी नव्हतं.

तेवढ्यात नौपाड्याहून आत्या आली. “पायऱ्या विषमच हव्यात हो!” १७ ऐकून निवली. मग सासऱ्यांनी नकाशावर बोट ठेवून एकेक पायरी इंद्र, यम, राजा असं मोजायला घेतलं; शेवटची यमावर येऊ नये म्हणून. सतरावी पायरी नेमकी यमावर. चहा तसाच राहिला.

इथे कॉन्ट्रॅक्टरने पहिल्यांदा पैसे वसूल होतील असं काही केलं. “काका, सतरावी म्हणजे वरच्या मजल्याची लादीच की! लँडिंग धरून ट्रेड सोळाच.” सोळावी इंद्रावर. सासरे खूश, पण आकडा सम म्हणून आत्या पुन्हा उठून बसली. अखेर आत्याने रायझर मोजायचे आणि सासऱ्यांनी ट्रेड, असा तह झाला. दोघंही आपापल्या मोजणीवर समाधानी आहेत. एकमेकांसमोर मोजत नाहीत.

सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लागायच्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरने विचारलं, “खाली फ्लोअरिंगची जाडी किती?” प्रश्न रास्त होता. स्लॅब आत्ता ओतायचा आणि लादी नंतर बसणार. हिशेब चुकला तर पहिली पायरी ५ इंचांची, बाकीच्या ७ च्या. पाय एकदा सवयीने पडू लागला की असल्या फरकालाच अडखळतो.

लादी कोणती, हे अजून ठरायचंय. आत्याला कोटा हवाय, बायकोला व्हिट्रिफाइड. सासरे उद्या येतायत.