बबल रॅपवर इतका भरवसा बरा नव्हे

घर बदलणाऱ्या कुणाशीही बोला, पहिला प्रश्न ठरलेला: "बबल रॅप किती आणू?" मग टीव्हीला चार वेढे, फ्रिजला सहा, वरून सेलोटेप, झालं पॅकिंग. माझं मत विचाराल तर बबल रॅपने वाचतो तो रंग. मशीन वाचवायचं असेल तर तिच्या पोटात काय काय हलतं ते आधी बघावं लागतं, आणि तेवढी फुरसत कुणालाच नसते. सामान न्यायला येणाऱ्या माणसांना तर नाहीच. खोके भरण्यात त्यांचा हात बसलेला असतो, पण तुमच्या मशीनचं मॅन्युअल त्यांनी वाचलेलं नसतं. (आपणही वाचलेलं नसतं, ते सोडा.)

वॉशिंग मशीनच घ्या. फ्रंट लोडचा ड्रम वरून स्प्रिंगांना टांगलेला असतो, खालून त्याला शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा आधार असतो, आणि पिळताना मशीन घरभर नाचू नये म्हणून आत चक्क काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात. एवढं वजन ट्रकमध्ये प्रत्येक खड्ड्याला इकडून तिकडे आदळतं. म्हणूनच कारखान्यातून निघताना मागच्या बाजूने लांबलचक बोल्ट घालून ड्रम जखडून टाकतात. नवीन मशीन जोडायला आलेला माणूस हे ट्रान्झिट बोल्ट काढतो, भोकांवर प्लास्टिकची बुचं दाबतो आणि बोल्ट आपल्या हातात देतो. पुढे त्यांचं काय होतं? खोक्याबरोबर भंगारात. घर बदलताना तेच पुन्हा घालून ड्रम जखडायचा असतो, म्हणून ते जपून ठेवायचे असतात हो! हरवले असतील तर मॉडेल नंबर सांगून सर्व्हिस सेंटरकडे चौकशी करा. आणि नव्या घरी मशीन लावण्याआधी बोल्ट आठवणीने काढा, नाहीतर पहिल्याच स्पिनला मशीन बाथरूममधून बाहेर यायला निघेल. खालचा फिल्टर उघडून पाइपातलं साचलेलं पाणीही आदल्या दिवशीच काढून टाका. वाटेत ते सांडतं, तेही नेमकं पुस्तकांच्या खोक्यावर.

फ्रिजची गोष्ट वेगळी. त्याच्या कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल असतं. फ्रिज आडवा केला की ते नळ्यांमध्ये शिरतं, आणि पोचल्या पोचल्या बटण दाबलं तर कॉम्प्रेसर पुरेशा तेलाशिवाय फिरतो. फ्रिज उभाच न्यावा हे सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते पोचल्यावर. सगळे दमलेले, घामाघूम, थंड पाणी हवं, मग "लाव रे तो फ्रिज". उभा आणला असेल तरी काही तास थांबा. आडवा आणावाच लागला असेल तर पूर्ण दिवस उभा ठेवा आणि मगच चालू करा. निघण्याआधी बर्फ वितळवून आतून कोरडा करायचा आणि मागचा पाण्याचा ट्रे रिकामा करायचा, हे आलंच.

टीव्हीच्या बाबतीत तर बबल रॅपच घात करतो. फुगे थेट पॅनलवर ठेवून वरून पट्टी करकचून आवळली की दाब पडतो आणि पडद्यावर डाग उमटतात. आधी मऊ स्वच्छ कापड किंवा फोमची शीट, मग बाकीचं. टीव्ही नेहमी उभा न्यायचा. आडवा टाकून "वर हलकंच सामान ठेवलंय" असं सांगणाऱ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. स्टँडचे स्क्रू छोट्या पिशवीत घालून ती पिशवी स्टँडलाच चिकटवा, पडद्यामागे नको.

डेस्कटॉप कॉम्प्युटरमध्ये जड ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून अँटीस्टॅटिक (स्थिर वीज साचू न देणाऱ्या) पिशवीत ठेवा, कारण धक्क्यांनी स्लॉटच उखडू शकतो. साध्या बबल रॅपमध्ये उघडं सर्किट गुंडाळू नका, त्यात स्थिर वीज तयार होते. लॅपटॉप स्लीपवर ठेवून बॅगेत कोंबू नका, पूर्ण बंद करा. बॅकअप घ्या, आणि तो मूळ कॉम्प्युटरच्या खोक्यात ठेवू नका (असं करणारे महाभाग पाहिलेत). पॉवर बँक उन्हात तापणाऱ्या ट्रकमध्ये नको, स्वतःजवळ ठेवा. मायक्रोवेव्हची काचेची थाळी बाहेर काढून वेगळी गुंडाळा. वायरी सोडण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढा, एवढं पुरे.

आता इन्शुरन्स. त्यावर लोक निर्धास्त असतात, पण बऱ्याच ट्रान्झिट (सामानाच्या वाहतुकीच्या) पॉलिसींमध्ये एक कलम असतं: बाहेरून इजा दिसत नसेल तर आतल्या इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल बिघाडाची भरपाई नाही. काही पॉलिसींत तर तुम्ही स्वतः भरलेला खोकाही वगळलेला असतो. म्हणजे फ्रिजला पोचा आला तर बोलणी होतील, कॉम्प्रेसर गेला तर तो "आधीपासूनच तसा होता". त्यामुळे प्लग काढण्याआधी प्रत्येक वस्तू चालू असतानाचा व्हिडिओ घ्या, त्यात सीरियल नंबर दिसू द्या आणि ते कलम सही करण्याआधी वाचा.

सामान उतरवून झालं की ती माणसं पावती पुढे करतात, कारण त्यांना पुढचं काम गाठायचं असतं. फ्रिज तर तेव्हा लावायचाच नसतो. मग सहीच्या वर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहा: "विजेच्या वस्तू अजून चालवून पाहिलेल्या नाहीत." कुणी तोंड वाकडं केलं तर करू द्या, आणि त्या ओळीसकट पावतीचा फोटो काढून ठेवा.