कोपराला गूळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

मागच्या लेखात मी मिर-२१ या मायक्रोआरएनएला (म्हणजे जनुकांचे निरोप दाबणाऱ्या आरएनएच्या चिमुकल्या तुकड्याला) किडनीतल्या व्रणांचा खलनायक केलं, तो रोखला की काम फत्ते असं भासवलं, आणि तुमच्या डायलिसिसवरच्या वडिलांसारख्यांच्या ‘कोपराला गूळ लावला’, असं तुम्ही लिहिलंत. कोल्हापूरकराला गुळावरून ऐकवलेलं जास्तच झोंबतं. त्यातून ते निम्मं खरं आहे.

मी फक्त उंदरांची गोष्ट सांगितली. आल्पोर्ट या आनुवंशिक किडनीविकाराचे उंदीर मिर-२१ रोखल्यावर जास्त जगले. पण त्याच विकाराच्या माणसांवर चाललेली लाडेमिरसेन या मिर-२१ रोखणाऱ्या औषधाची चाचणी २०२२ मध्ये अर्ध्यावर थांबवली. गुण येईना. हे मला माहीत होतं. गोष्ट गोड संपत होती म्हणून गाळलं, दुसरं कारण नाही.

मात्र तुमचं ‘जो आरएनए प्रोटीनच बनवत नाही तो कसला कामाचा’ हे पटत नाही. मायक्रोआरएनएच्या शोधाला नोबेल मिळालं म्हणून नव्हे (२०२४ला मिळालं, ते असो). माझ्या काकांच्या मनगटावर गुऱ्हाळातल्या काहिलीचा पाक उडून भाजल्याचा चट्टा आहे. तिथे केस उगवत नाहीत, घाम येत नाही. कातडी आहे, काम बंद. किडनीत तसंच होतं: कोलॅजन, म्हणजे व्रणाचं चिवट प्रोटीन, साचतं, बारीक नळ्या आक्रसतात, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) चढत जातं. एरवी मिर-२९ हा जेमतेम बावीस-तेवीस अक्षरांचा तुकडा कोलॅजन बनवायच्या निरोपाला चिकटून तो दाबून ठेवतो. इजा झाली की टीजीएफ-बीटा हा व्रण घडवायला सांगणारा प्रोटीन-संदेश आधी या राखणदारालाच गप्प करतो आणि मिर-२१ वाढवतो. मिर-२१ चरबी जाळणाऱ्या जनुकांना दाबतो, आणि नळ्यांच्या पेशी तर मुख्यतः चरबीवरच चालतात. म्हणजे चुलवाणातलं जळणच काढून घेतलं.

‘खलनायक’ हा शब्द मात्र मागे घेतो. मिर-१९२ या आणखी एका मायक्रोआरएनएचंच बघा. उंदरांच्या पेशींत तो कोलॅजन वाढवताना दिसला; मधुमेहात किडनी बिघडलेल्या माणसांच्या बायोप्सीत तो जितका कमी, तितका व्रण जास्त. आता याला कोणत्या बाजूला बसवायचं?

वडिलांना याचा आज काही उपयोग आहे का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. नाही. झालेला व्रण पुसणारं असं कोणतंही औषध आज दुकानात मिळत नाही. कुणी ‘आरएनए थेरपी’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

लाडेमिरसेनचा परिच्छेद मूळ लेखात घातलाय, अगदी वरच. शीर्षकातलं ‘किल्ली सापडली’ काढून टाकलं.