परसात माड असलेल्यांनी माड बघायला परदेशी का जावं?

टूरवाल्यांच्या पत्रकावर एक माड असतो. समुद्रावर वाकलेला, खाली पांढरी वाळू, त्याला टांगलेला झोपाळा आणि झोपाळ्यावर पाठमोरी बाई. बाली असो, फुकेत असो, मॉरिशस असो की श्रीलंका, माड तोच. हे चित्र ज्यांनी पहिल्यांदा काढलं ते थंड देशातले लोक होते. वर्षातले कित्येक महिने ज्यांना धड ऊन मिळत नाही, त्यांना ऊन आणि हिरवळीचं अप्रूप असणारच. पण आपलं काय? कर्कवृत्त तिकडं वर भोपाळजवळून जातं, बेळगाव त्याच्या कितीतरी खाली. आपण मुळात उष्णकटिबंधातले, आणि तसलाच दुसरा देश बघायला जाताना मात्र लंडनच्या साहेबाचा चष्मा घालून जातो.

माझा हा चष्मा उतरवला माझ्या सासू-सासऱ्यांनी. म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. वेळ नसेल त्यांनी लाईक करून पुढं जावं, राग नाही.

श्रीलंकेला मी आधी जाऊन आले होते, लग्नानंतर, दोघंच. बेंटोटाचा समुद्र, पिन्नवलाचे हत्ती, कँडीचं दंतमंदिर, चहाचा कारखाना, आणि ड्रायव्हर हटकून गाडी थांबवतो ते रत्नांचं दुकान. फोटो झकास आले. देश कसा आहे असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "स्वच्छ आहे हं." त्यापुढं सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

यंदा जानेवारीत परत जायचं ठरलं, तेव्हा शहापुरातल्या मैत्रिणींचे दोन प्रश्न. परत तिथंच? आणि सासरच्यांना घेऊन? पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज वाटत नाही. गोव्याला आपण दर सुट्टीत जातो, तेव्हा कुणी विचारतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही पोस्ट.

माझं सासर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. भात, थोडा काजू, परसात माड-फणस, गोठ्यात म्हशी. मामा म्हणजे माझे सासरे, जन्मभर शेतात. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, विमान पाहिलं ते सांबऱ्याच्या विमानतळाच्या रस्त्यावरून, डोक्यावरून जाताना. सुगी आटोपली होती, म्हशी चुलत दिरांकडं सोपवल्या आणि आम्ही निघालो. वन्सं आणि त्यांची दोन पोरंही बरोबर. रात्रीच्या रेल्वेनं बंगळूर आणि तिथून जेमतेम दीड तासात कोलंबो. मामांना विमानापेक्षा याचंच नवल जास्त, की परदेश मुंबईपेक्षा जवळ निघाला.

आता मुद्द्याचं. श्रीलंकेला जाणारा प्रत्येक जण सिगिरिया बघतो. रानातून सरळ उभा राहिलेला प्रचंड खडक, त्यावर पाचव्या शतकातला काश्यप राजाचा राजवाडा, भिंतीवर अप्सरांची चित्रं, वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या. बघण्यासारखं आहेच, मी नाही म्हणत नाही. मामांचे गुडघे मात्र पहिल्याच टप्प्याला नको म्हणाले. ते खाली ड्रायव्हरबरोबर बसले आणि त्याच्या मोडक्या हिंदीतून त्यांनी राजाची सगळी कुळकथा काढून घेतली. काश्यप हा धातुसेन राजाचा मुलगा. बापाला मारून गादीवर बसलेला. धातुसेनानं कलावेव नावाचा अफाट तलाव बांधला होता. सिंहली बखरीतली गोष्ट अशी, की खजिना कुठं लपवलास म्हणून छळ सुरू झाला तेव्हा म्हाताऱ्या राजानं त्या तलावाकडं नेण्याची विनंती केली, पाण्यात उतरून ओंजळ भरली आणि सांगितलं, हीच माझी सगळी दौलत.

आम्ही घामाघूम होऊन खाली आलो तर मामांचा निकाल तयार. "बापाला मारलेल्याचा वाडा बघाय सगळी येतात. बापाचं तळं कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी गाडी कलावेवकडं वळवली. आमच्या कार्यक्रमात ते नव्हतं. मी पाहिलेल्या कुठल्याच टूरच्या कार्यक्रमात ते नाही. समुद्र वाटावा इतकं पाणी, त्याला मैलोन्‌मैल मातीचा बांध, आणि तिथून निघणारा योद एळ हा कालवा, जवळजवळ ८७ किलोमीटर लांबीचा, थेट अनुराधापूरच्या तलावापर्यंत. सुरुवातीच्या भागात त्याचा उतार मैलामागं काही इंचांचाच आहे. पंधराशे वर्षांपूर्वी, दुर्बीण नाही, लेव्हल नाही, काही नाही. बांधाच्या पोटात पाण्याचा जोर मोडायला दगडी चौकोनी विहीर करायची पद्धत होती, बिसोकोटुव म्हणतात तिला. त्यामुळं पाणी सोडताना बांध फुटत नाही. मामांनी हे दोनदा समजावून घेतलं. आपल्या शेतातली मोरी दर पावसाळ्यात फुटून वाहून गेलेली ज्यानं बघितली आहे, त्यालाच यातली मेख कळते. माझ्यासारखीला ते नुसतं चौकोनी खड्ड्यातलं पाणी.

तो सगळा भाग कोरड्या पट्ट्यातला. आपल्या कणकुंबी-जांबोटीच्या मानानं तिथं पाऊस किरकोळच. तरी जानेवारीत दोन्ही बाजूंना भात हिरवागार उभा होता, कारण तिथं भाताचे दोन हंगाम. थंडीच्या पावसावरचा महा आणि उन्हाळ्यातला याल. एका तळ्याचं वाहून गेलेलं पाणी खालच्या तळ्यात, त्याचं आणखी खालच्या, अशी गावोगावच्या तळ्यांची उतरंड आहे.

मामा बांधावर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "आमचा पाऊस ह्यांच्या कितीतरी पट. पण त्यो गोव्याला जातोय." म्हादई नदीच्या पाण्याच्या वादाबद्दल मी इथं लिहिणार नाही. दोन राज्यं आणि एक लवाद त्यासाठी पुरे आहेत. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत छत्री मिटायची सोय नसलेल्या आमच्या गावात एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो, ही गोष्ट मला त्या बांधावर पहिल्यांदा लाजिरवाणी वाटली.

सीमाभागातलं माणूस कुठंही गेलं तरी आधी पाटी वाचतं. तिथल्या पाट्यांवर सिंहली, तमिळ आणि इंग्रजी. नवऱ्यानं लगेच फोटो काढून आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकला, खाली काय काय लिहिलं गेलं ते सांगत नाही. ड्रायव्हर म्हणाला, १९५६ साली एकट्या सिंहलीचा कायदा आला, तिथून सगळं बिघडत गेलं. १९५६! मामा आणि मी एकमेकांकडं बघितलं, कारण आमच्याही कपाळावर तेच साल, बेळगाव तेव्हाच म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं. पण उगाच तुलना नको. तिथं १९८३ पासून २००९ पर्यंत युद्ध झालं, माणसं मेली. आपल्याकडं मोर्चे, लाठ्या, काळे दिवस आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातली तारीख. त्रास आहे, पण तो त्रास आणि हा त्रास एका तागडीत घालू नये असं मला वाटतं. ज्यांना पटत नाही त्यांनी तिथल्या लोकांशी एकदा बोलून बघावं.

जेवणाचं सांगते, कारण सगळ्यांना तीच भीती असते. आत्या मासे खातात, पण सोमवार कडक. तिथली गंमत अशी की वांग्याच्या भाजीत, डाळीत, ओल्या खोबऱ्याच्या चटणीतसुद्धा वाळवलेल्या माशाचा चुरा असू शकतो. मालदीवचा सुका मासा, तिथं त्याला उंबलकड म्हणतात. शाकाहारी म्हणून मागवलं तरी तो पडतो, कारण त्यांच्या लेखी तो मसाला. ड्रायव्हरनं आत्यांना "उंबलकड एपा" शिकवलं, म्हणजे उंबलकड नको. त्या प्रत्येक हॉटेलात जाऊन आधी हे ठणकावून सांगायच्या, मग पाणी प्यायच्या. तिथल्या इंदिआप्पाला आत्यांनी लांबूनच ओळखलं, "शिरवाळ्या की ह्या!" फरक इतकाच की आपण नारळाच्या रसात गूळ घालतो, ते हळद-मिरची घालून तिखट करतात. आणि पौर्णिमेला तिथं पोयाची सुट्टी, दारू आणि मटणाची दुकानं देशभर बंद. आत्यांनी हे ऐकलं आणि त्या देशाला पास करून टाकलं. नवऱ्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

फणसाचं मात्र मला मनाला लागलं. आमच्याकडं मे-जूनमध्ये फणस झाडाखाली सडतात, वास सुटतो, निम्मे जनावरं खातात. तिथं कोवळ्या फणसाची मसालेदार भाजी चांगल्या हॉटेलात मान राखून मिळते. फणसाचं झाड तोडायला सरकारी परवानगी लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर डायस नावाच्या गृहस्थांनी लोकांना फणस लावायला सांगत देशभर मोहीम केली, तिथली माणसं अजून त्यांना फणसमामा म्हणूनच ओळखतात. आपल्याकडं काजू, ऊस, भात यांच्यावर सभा होतात. फणसावर कुणाची सभा ऐकली आहे?

दक्षिणेकडं दालचिनी सोलताना बघितली. दोनेक वर्षांच्या फांद्या कापतात, वरची साल खरवडतात, पितळेच्या दांड्यानं घासून आतली साल सैल करतात आणि मग ती कागदासारखी अलगद निघते. पाऊस झाल्यावर साल चांगली सुटते, म्हणून पावसाच्या आगेमागे कापणी. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून मिळते ती पुष्कळदा जाड सालीची, दुसऱ्याच झाडाची. आमच्या परसातही दालचिनीचं एक झाड आहे. आम्ही त्याची पानं भातात टाकतो, बस्स. मामांनी सोलणाऱ्या बाईंना मजुरी विचारली, किलोचा भाव विचारला, आणि तिथल्या रुपयाचं आपल्या रुपयात गणित घालत बसले. एक भारतीय रुपया म्हणजे तिथले तीनाहून जास्त, त्यामुळं गणित सारखं चुकत होतं.

शेतकऱ्याशी शेतकरी बोलला की काय निघतं ते सांगते. ड्रायव्हरच्या भावाची भातशेती होती, तो आम्हाला घरी घेऊन गेला. २०२१ च्या एप्रिलमध्ये सरकारनं रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली, देश सेंद्रिय करायचा म्हणून. नोव्हेंबरात ती मागं घेतली, तोवर हंगाम हातचा गेला होता. पुढच्या वर्षी पेट्रोल नाही, गॅस नाही, औषधं नाहीत, आणि जुलैत राष्ट्रपती देश सोडून पळाला. हे मी बातम्यांत वाचलं होतं. त्या घरात बसून ऐकताना मात्र मामांचे प्रश्न वेगळेच. शेणखत किती होतं? जनावरं किती? एकरी पोती किती उतरली? स्वतः मामा शेणखताचे कट्टर, पण म्हणाले, "युरियाचं पोतं दारातनं उचलून न्यायचं आणि शेण कुठनं आणायचं त्ये सांगायचं न्हाई, ह्ये कसलं राज्य?" सेंद्रिय शेतीवर फेसबुकवर लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य जरा चघळावं.

सगळं गोड गोड नव्हतं. व्हॅनमध्ये एसीवरून रोज भांडण. पहाटे पाचला चहा पाहिजे, अंघोळीला कढत पाणी पाहिजे, मामांचा खोकला, वन्संच्या पोरांना फक्त स्विमिंग पूल. पोरांसाठी उनवटुनाचा समुद्र झाला, आत्या लुगड्यासकट पाण्यात बसल्या, सगळे खूश. खर्चात सगळ्यात मोठा भाग ड्रायव्हरसह व्हॅनचा. ते मात्र वाचवू नका, म्हाताऱ्यांना घेऊन बस-रेल्वे बदलत फिरणं जमत नाही. आणि धुक्यातलं नुवारा एलिया आम्ही मुद्दाम गाळलं. थंडी, पाऊस आणि धुकं पैसे देऊन बघायला आम्ही काय वेडे? ते चोर्ला घाटात फुकट आहे.

टूर काढणाऱ्यांना माझं सांगणं इतकंच, की बेळगाव-खानापूर-चंदगडच्या माणसांसाठी वेगळा कार्यक्रम आखा. एक तळं, एक दालचिनीची बाग, एका शेतकऱ्याच्या घरी जेवण. रत्नांचं दुकान काढलं की वेळ आपोआप निघेल. आणि मुलांनो-सुनांनो, आई-वडिलांना नेताना त्यांना फक्त देवळं दाखवू नका.

शेवटी एक काम आहे. तिथं भेरली माडाच्या कोवळ्या फुलोऱ्याचा शेंडा कापून रस काढतात, आटवून काकवी आणि गूळ करतात. म्हशीच्या घट्ट दह्यावर ती काकवी घालून खाल्ली आणि मामा गप्पच झाले, कारण भेरली माड आमच्या रानात आपोआप उगवतो आणि आम्ही त्याला हात लावत नाही. आल्यापासून हे एकच डोक्यात घेऊन बसलेत. रस काढायला आपल्याकडं अबकारी खात्याचा परवाना लागेल का, आणि खानापूर, जोयडा किंवा चंदगड भागात पूर्वी कुणी असा रस काढत होतं का, हे त्यांना पाहिजे आहे. कुणाला माहीत असेल तर इथं लिहा, मी वाचून दाखवीन.